पुसलेलंही जपणारा कॉम्प्युटर

संस्थेत त्याला सगळे कडीमास्तर म्हणत. घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणारी ती संस्था. तिथले कॉम्प्युटर हा सांभाळी. कडी लावली तरी दार दोनदा ओढून बघणारा माणूस, त्यामुळे नाव चपखल बसलं होतं.

नवा कॉम्प्युटर आला तेव्हा त्यानं लिनक्स टाकलं, अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्डशिवाय काहीच वाचता येऊ नये, आणि फाइलसिस्टिमपाशी, म्हणजे फाइली डिस्कवर ठेवायच्या पद्धतीपाशी, अडून बसला. पर्याय दोन. एक साधी, मुकाट काम करणारी. दुसरी प्रत्येक गोष्टीच्या जुन्या प्रती आत राखून ठेवणारी, पुसलेलंही परत देणारी. संस्था चालवणाऱ्या ताईंची एक फाइल मागे हरवली होती, आणि खापर याच्याच डोक्यावर फुटलं होतं. यानं दुसरी निवडली. कुणाला समजावत बसला नाही; स्वारी स्वतःवरच खूश होती.

त्याच्या सुट्टीत संस्थेतली एक बाई नव्या गावी राहायला गेली. "माझा पत्ता कुठेच ठेवू नका," म्हणाली. ताईंनी तिच्यादेखत पत्त्याची फाइल पुसली.

आणि आज, कॉम्प्युटर चालू व्हायच्या आधीच, तो तपासायचा कोर्टाचा हुकूम घेऊन अधिकारी दारात. सोबत एक तज्ज्ञ आणि कडक इस्त्रीतला त्या बाईचा नवरा. पासवर्ड एकट्या कडीमास्तरला ठाऊक.

"उघड रे बिनधास्त," ताई म्हणाल्या. "तिची फाइल मी कधीच पुसलीय."

कडीमास्तरला हे आत्ता कळत होतं. पुसलेल्या फाइलची प्रत आत तशीच होती.

"फाइलसिस्टिम कोणती?" तज्ज्ञानं खुर्ची ओढत विचारलं.

म्हणजे या तज्ज्ञाला जुन्या प्रती कुठे असतात ते माहीत होतं. तोंड उघडावं तर नवरा ऐकतोय. प्रती काढून टाकाव्यात तर हा खांद्यावरून बघतोय. स्वतःच्या हुशारीनं बांधलेल्या खोलीत तो स्वतःच कोंडला गेला होता, आणि त्या बाईलाही त्यानंच आत ओढलं होतं. त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

"पासवर्ड विसरलो," तो म्हणाला.

"तू? विसरलास?" ताईंचा आवाज चढला. "अरे, आपण काहीतरी लपवतोय असं होईल ना! संस्थेला टाळं लागेल!"

"आठवत नाही, ताई."

"चला मग," अधिकारी म्हणाला. "ठाण्यात बसून आठवा."

ताई गाडीपर्यंत मागे आल्या. राग ओसरून डोळे भरले होते. "मला तरी खरं सांग रे. काय केलंस तू?"

नवरा त्यांच्या अगदी शेजारी उभा होता. कडीमास्तर मान खाली घालून गाडीत बसला.