ज्याच्या ट्रेमध्ये तुकडे जास्त

आमच्या शेडमधली काळी पावडर कितीही झाडा, उरायचीच. बांगड्यांत, कानांत, डब्यातल्या पोळीवर! तिथल्या गोष्टींचंही तसंच आहे. एक सांगून झाली की दुसरी निघते. ऐकणारे हसतात. मला मात्र अजून राग येतो.

नव्वदच्या दशकात बेंगळुरात, जे. पी. नगरच्या पलीकडे ही पत्र्याची शेड होती. मोटरमध्ये जे कार्बन ब्रश लागतात, ते आम्ही बायका तयार करायचो. ब्रश म्हणजे केसांचा नव्हे हो! ग्रॅफाइटची छोटी चौकोनी वडी. फिरत्या मोटरला करंट तिच्यातून पोचतो. आम्ही तिच्या कडा घासायच्या, तांब्याची वायर बसवायची. चांगला माल बॉक्समध्ये, तुटलेला आपापल्या ट्रेमध्ये.

आणि दर शनिवारी ज्या बाईच्या ट्रेमध्ये तुकडे जास्त, तिला गोपीनाथ सर सांगायचे, "अक्का, सोमवारी येऊ नका. बोलावू तेव्हा या."

बोलावणं कधी महिन्यानं यायचं, कधी यायचंच नाही.

*

गोपीनाथ आमचे सुपरवायझर, निपाणीकडचे. आमच्याशी मराठीच बोलायचे. त्यांना एक खोड होती. येताजाता कुठलाही ब्रश उचलायचे आणि टेबलाच्या कडेवर आपटून कानाशी न्यायचे. "आवाजावरून माल कळतो!"

अहो, पितळेचा पेला आपटला तर वाजेल. कार्बन कसला वाजतोय? अधातू ठिसूळ असतात, हे मी दहावीपर्यंत शिकले तेवढ्यातही होतं. टक् करून कोपरा उडायचा.

"वीक पीस!" म्हणायचे, आणि तो तुकडा समोरच्या बाईच्या ट्रेमध्ये टाकून पुढे जायचे.

शारदाक्का माझ्या शेजारी बसायची. तिचं घराणं बेंगळुरातलंच, मराठीत निम्मी कन्नड. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या एकटीच्या जिवावर. पण जीभ काही आवरायची नाही.

"सर, स्वल्प हळू आपटा," ती एकदा म्हणाली. "वडी आहे ती, नारळ नव्हे!"

त्या दिवसापासून सरांना माल तपासायला तिचंच टेबल सापडायला लागलं.

*

शेडमध्ये चपला घालायची बंदी. लक्ष्मीची जागा म्हणे! बूट फक्त गोपीनाथ सरांच्या पायात. त्यांना लक्ष्मीची सूट असावी.

एकदा फरशी नुकतीच पुसलेली होती. मी अनवाणी पंख्याचं बटण दाबायला गेले. स्विचबोर्डवर काळ्या पावडरीचा हा एवढा थर! असा झटका बसला की मी मागे बाकावरच आदळले. खांद्यापर्यंत हात बधिर.

सर म्हणाले, "काही होत नाही हो! कोळशाची पावडर ती, लोखंड थोडंच आहे? तिच्यातून कुठला करंट जातो?"

शारदाक्का माझा हात चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग गिऱ्हाइकं आपले ब्रश काय अंगारा म्हणून नेतात?"

सरांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. स्वतः बटण दाबताना ते रुमाल धरायचे!

*

ग्रॅफाइटची पावडर तेलापेक्षा निसरडी. अनवाणी चालून आमच्या पायांना सवय झाली होती. एका शुक्रवारी गोपीनाथ सर नवे कोरे बूट घालून आले. आमच्या टेबलापाशी वळले आणि पाय जो गेला, तो सरळ टेबलाखाली! पडताना त्यांनी आधाराला बॉक्स धरला. चांगल्या मालाचा, भरलेला. सगळा खाली. एक वडी धड राहिली नाही.

आम्ही धावलो. त्यांचा पांढरा शर्ट पाठीमागून तव्यासारखा काळा झाला होता. आम्हाला वाटलं, पाणी मागतील.

पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "हा बॉक्स कुणाचा?"

शारदाक्काचा होता. सगळे तुकडे तिच्या ट्रेमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती घरी गेली. आम्ही सगळ्या खाली मान घालून कडा घासत राहिलो.

*

दोन महिन्यांनी तिला बोलावणं आलं. सरांनी दारातच बजावलं, "परत असं झालं तर कायमचं."

त्या वर्षी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, शनिवारी आली. मशीनना झेंडूच्या माळा, दारात कोहळा. मालक वर्षातून एवढ्या एकाच दिवशी शेडमध्ये यायचे, तेही सहकुटुंब. पूजा झाली की प्रसाद, आणि प्रसाद झाला की ट्रे बघायचे, असं सरांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. शारदाक्काचा ट्रे काठोकाठ. आठवडाभर सरांनी तिथंच आवाज ऐकला होता.

विड्याच्या पानावर सगळ्यात मोठा नवा ब्रश हळदकुंकू लावून ठेवला होता. मालकांनी आरती केली, ब्रश उचलून कपाळाला लावला. हाताला तूप लागलेलं.

टक्!

ब्रशचे दोन तुकडे फरशीवर. घंटा वाजवणाराही थांबला. मालकीणबाईंनी तोंडावर पदर धरला. गोपीनाथ सर घाईघाईनं म्हणाले, "काही नाही, काही नाही! अहो, ठिसूळच असतो हा माल. कुणाच्याही हातून तुटतो."

शारदाक्का उठली. पदर खोचला, वाकून दोन्ही तुकडे उचलले, कुंकू पुसलं. मग मालकांकडे न बघता सरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"सरी, बरं तर, सर," ती म्हणाली. "आज शनिवार. हे कुणाच्या ट्रेमध्ये टाकू?"