प्रवाळांसाठी आणलेलं पाणी

मित्रांनो, आज बाळापूरला ताईकडे तिची समुद्री माशांची टाकी वाचवायला गेलो होतो. प्रवाळ पांढरे पडलेले, मासे धापा टाकत होते.

उन्हानं टाकीतलं पाणी आटलं, म्हणून भाऊजींनी विहिरीचं ओतलं होतं. "समुद्र खाराच नं? आपली विहीरबी खारीच हाय!"

"भाऊजी, पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. तुमी त्यात अजून खार टाकला."

अकोल्याहून नेलेल्या शुद्ध पाण्यात समुद्री मीठ मोजून कालवलं आणि अर्धी टाकी बदलली. दोनच मासे वाचले.

ताईची सासू त्याच विहिरीच्या पाण्यानं माठ भरत होती. म्हणाली, "यानं मासे मरतेत काय बापा? आमी त जन्मभर हेच पेऊन राह्यलो."

खाऱ्या विहिरींच्या या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनो, माशांसाठी मी गाडीभर पाणी नेलं. तिच्या माठासाठी आपण कधी भांडलो?