गल्लीतले सर

नातू अग्निवीरची चार वर्षं पुरी करून आला. आज आयटीआयचा पहिला दिवस, म्हणून बूट चमकवत बसला होता. पॉलिशचा वास आला.

पलटणीतून परतल्यावर आमचे हेही तिथंच वायरमनचं शिकायला जायचे. मी शहाणी मात्र गल्लीभर सांगत सुटलेली, "आमचे हे तितं सर हायेत!" एका सकाळी शेजारच्या काशीबाई पोराला घेऊन दारात. "भावजी, ह्याला तुमच्या वर्गात घ्या की!"

ह्यांचा बुटावरचा ब्रश थांबला. माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, मीच अजून बाकावर बसतोय." खाली मान घालून बूट घासत राहिले.

नातू बूट चढवत म्हणाला, "आज्जी, मी कुठं गेलोय असं कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"शिकायला गेलाय म्हणीन."

तेव्हाही एवढंच तर सांगायचं होतं की.