आत्याची एकदाणी

आमची आत्या कोणावर विश्वास ठेवत नसे. गवळी दूध घालून गेला की ती त्यात बोट बुडवून पाही, दुकानदाराची मापं उलटी करून बुडं चाचपी, आणि नवरा बाजारातून आला की पिशवीच्या आधी त्याचं तोंड न्याहाळी. तिचा भरवसा एकाच माणसावर होता, तिच्या थोरल्या भावावर. म्हणजे माझ्या बाबांवर.

तिच्या गळ्यात एकदाणी होती, सोन्याच्या मण्यांची एकेरी सर. आजीचं जुनं सोनं मोडून बाबांनीच ती तिच्या लग्नात घडवून आणली होती. असे मणी पोकळ असतात, वर पातळ पत्रा आणि पोटात लाख. पण आत्याचे मणी इतर बायकांच्या मण्यांपेक्षा जड. घरी कोणी आलं की ती सर काढून त्यांच्या तळहातावर ठेवी. "वजन पाय बाई, वजन! माह्या दादानं हात आखडला नाही."

स्वराज्याच्या आधीची दोन-चार वर्षं असतील. मी कामठ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि सुट्टीत आत्याकडे गेलो होतो. धानाची पोती भरताना तिची सर तुटली. मणी वेचले तर एक कमी. तोवर पोती तिरोड्याच्या गिरणीत पोचली होती. धान जिथून आत पडतं तिथे गिरणीवाल्यानं चुंबक बसवला आहे, असं तिनं कुठून तरी ऐकलं. झालं!

"त्यानंच माहा मणी ओढून घेतला. चाल माह्यासंगं."

मी चिडलो. "आत्या, चुंबक लोखंड ओढतो, सोनं नाही ओढत. पोरांना मीच शिकवतो ना!" शाळेतला नालासारखा चुंबक मी एकदा बाबांनाही घरी आणून दाखवला होता. त्यांनी त्याला खिळे चिकटवले, मग आईच्या पाटल्यांना लावून पाहिला. पाटल्या हलल्या नाहीत. बाबा बराच वेळ तो चुंबक हातात फिरवत बसले होते.

"तुलेही फितवलं काय गा त्यानं?" आत्या म्हणाली आणि चालू लागली. मीही मागे निघालो.

गिरणीवाला भला माणूस. "बाई, ये सिर्फ लोहा पकड़ता है," म्हणत त्यानं इंजिन थांबवलं आणि फळी काढली. चुंबकाला खिळे चिकटले होते, विळ्याचा तुटका तुकडा होता, आणि त्यांच्यामध्ये आत्याचा मणी.

"पाय! ओढते का नाही सोनं? मास्तर झाला म्हणे!"

हमाल खो-खो हसले. गिरणीवाला मात्र हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. लाखेत लोखंडाचा कीस कालवून मण्यांचं वजन भरलं होतं. जेवढा कीस आत गेला, तेवढं आजीचं सोनं कुठेतरी गेलं होतं. सोनारानंच हात मारला असेल, दुसरं काय, असं मी वाटभर स्वतःला बजावत राहिलो.

निघताना आत्यानं बोदलकशाच्या तळ्यातल्या सुक्या मासोळ्यांचं गाठोडं दिलं. "दादाले दे. त्यानं केलेला मणी सापडला म्हणून सांग."

घरी बाबा ओसरीवर दोर वळत होते. मी गाठोडं पुढं ठेवलं. "आत्याचा मणी हरवला होता. गिरणीतल्या चुंबकाला चिकटलेला सापडला."

दोर वळणारे हात थांबले. सोन्याचा मणी चुंबकाला कसा काय चिकटला, हे त्यांनी विचारलं नाही. सोनाराला शिवीही दिली नाही.

"तिले समजलं काय?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी "नाही" म्हटलं. बाबा पुन्हा दोर वळू लागले. आत्या पुढे वीस वर्षं ती सर लोकांच्या तळहातावर ठेवत राहिली आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. त्याचा मला अजून राग येतो, बाबांचाही आणि माझाही.