दहावी सही

त्याने फॉर्म फाडला. आधी उभा फाडला, मग आडवा. चारही तुकडे एकावर एक नीट जुळवले आणि माझ्या हातात दिले.

"जाता जाता रिसायकलिंगमध्ये टाक रे. कागदाच्या डब्यात. कचऱ्याच्या नको, कौन्सिलवाले ओरडतात."

रविवारची दुपार होती. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातलं त्याचं चार बेडरूमचं घर. मागे कॉन्झर्वेटरी, म्हणजे काचेची खोली. तिच्यात माणूस उन्हाळ्यात भाजतो, हिवाळ्यात गोठतो, पण ती असल्याशिवाय आपला समाज त्याला मोठा मानत नाही. तिथे महाराष्ट्र मंडळाची नऊ माणसं वडे खात बसली होती. मी दहावा.

तेव्हा इथे कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभं राहायचं तर वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागायच्या. दहा म्हणजे दहा. नऊ जणांनी केल्या, दहावी मी केली. नाव, पत्ता, सही. उमेदवारसाहेबाने फॉर्म उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझी ओळ वाचली. परत वाचली. अशी शांतता पसरली की फ्रीजसुद्धा घरघरायचा थांबला. हे वाढवून सांगत नाहीये. बाकीचं थोडं वाढवेन. हे नाही.

"हे तुझं आडनाव?"

"हो सर."

"तू तर नागपूरकर ना?"

"म्हणायला."

त्याच्या बायकोने माझ्यासमोरची वड्यांची बशी उचलली. "गार झालेत, गरम करून आणते," म्हणाली. ते वडे अजून गरम होतायत.

"फॉर्म जरा खराब झालाय," साहेब सगळ्यांना म्हणाला. मग मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात न ठेवता, म्हणाला, "असं बघ, हा कागद कौन्सिलच्या बोर्डावर लागतो. नावांसकट. आपले लोक जाऊन वाचतात. तू समजूतदार आहेस."

नवा फॉर्म आला. नऊच्या नऊ जणांनी परत सह्या केल्या. एकानेही मान वर केली नाही. त्यांतल्या दोघांच्या मुलांना मी सायकल शिकवली होती. एकाचं घर बदलताना त्याचा सोफा मी डोक्यावर घेऊन तीन जिने चढलो होतो, आणि सोफ्यावर त्याची सासू बसली होती. बरं, सासू नव्हती. पण बसली असती तरी मी चढलो असतो, असा मी होतो.

साहेब नवराबायकोची नावं शेजारच्या वॉर्डाच्या यादीत, म्हणून दहाव्या ओळीसाठी मंडळाच्या खजिनदारांना फोन गेला. पलीकडच्याच रस्त्यावर घर. पाच मिनिटांत आले, सही केली, वडा घेतला.

आता माझं ऐका. मी पोस्टमन. ह्या साहेबाच्या तीन निवडणुकांत मतदार यादी हातात घेऊन मी वॉर्डाची फरशी न् फरशी घासली होती. त्या रस्त्याच्या डाव्या बाजूची घरं आमच्या वॉर्डात येतात, उजव्या बाजूची शेजारच्या. खजिनदारांचं घर उजव्या बाजूला. मला माहीत होतं. तिथल्या तिथे माहीत होतं. तोंड उघडलं. मिटलं. चार तुकडे खिशात घातले आणि निघालो.

हा साहेब कोण, तेही सांगतो. पुण्याचा. सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. पुण्यात आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हे त्याला जन्मात माहीत नव्हतं. इथे आल्यावर अचानक लोकसेवेचा उमाळा आला. पक्षाला आशियाई चेहरा हवा होता, ह्याला चेहरा दाखवायचा होता. तीनदा उभा राहिला, तीनदा आपटला. त्याच्या पत्रकावर तीन वचनं असायची. घरासमोर पार्किंग. मंडळाला हॉल. आणि हीथ्रो ते पुणे थेट विमान. रीडिंगचं कौन्सिल कचऱ्याच्या गाडीला पंख लावून ते विमान सोडणार होतं बहुधा.

ती पत्रकं वाटायचो मी. ड्युटी संपली की युनिफॉर्म काढायचा, पत्रकांची पिशवी गळ्यात घालायची, त्याच दारांवर परत जायचं. इथल्या दारांची लेटरबॉक्सं उंदराच्या पिंजऱ्यासारखी असतात, हात आत गेला की खाट्. एकदा आतल्या अल्सेशियनने बोटांसकट पत्रक तोंडात घेतलं. बोटं परत दिली, पत्रक गिळलं. उभ्या वॉर्डात तेवढ्या आवडीने ते पत्रक दुसऱ्या कुणी घेतलं नाही.

आणि मी हे का करायचो? कारण तो मला "आपला माणूस" म्हणायचा. बस. एवढ्यावर तीन वर्षं.

सुजाता, माझी बायको, नर्स. तेव्हा इथल्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या, ती नागपूरहून आली आणि तिच्या व्हिसाच्या शेपटाला धरून मी आलो. भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं, उभंही राहता येतं, हे मला इथे येऊन कळलं. मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात एक बाई हातात समोसा घेऊन म्हणाल्या, "आडनाव काय तुमचं?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "नागपूरकर." नागपुरात कुणी नागपूरकर नसतो. पण त्या बाईंचा चेहरा मोकळा झाला, समोसा मला मिळाला, आणि मी नागपूरकर झालो. मंडळाचं कुणी घरी येणार असलं की पुढच्या खोलीतला निळ्या कोटातला फोटो मी बेडरूममध्ये नेऊन ठेवायचो. सुजाता बघायची.

माझं खरं आडनाव मी इथे लिहीत नाहीये. लिहिलं तर तुम्ही आधी ते वाचाल, मग माझ्याकडे बघाल, मग गोष्टीकडे. गोष्ट आधी वाचा.

त्या रविवारी सुजाता ड्युटीवरून आली तेव्हा मी टेबलावर चार तुकडे मांडून बसलो होतो. तिने बूट काढले, खुर्ची ओढली, बघितलं.

"काय हे?"

सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर साहेबाला शिव्या घालेल. ती शांतपणे म्हणाली, "त्यांनी आज एकदा फाडलं. तुम्ही तर तीन वर्षं रोज फाडताय."

मला गोऱ्या पोरांनी बसस्टॉपवर शिव्या दिल्यात. बर्फावर घसरून मी पाठीवर पडलोय, टपालासकट, पोटावर कुणाचीतरी गॅसची बिलं घेऊन. त्या वाक्याइतकं काहीच लागलं नव्हतं. उठलो, बेडरूममधून फोटो आणला, पुढच्या खोलीत खिळा ठोकला. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा नाही असं करारात लिहिलंय. ठोकला.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी साहेबाचा फोन.

"अरे, अकरा वाजता घरी ये, गाडी तू चालव. कौन्सिलपाशी पार्किंग मिळत नाही. तू गाडीत बसून राहा, पार्किंगचा वॉर्डन आला तर पुढे घे."

झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द नाही. त्याच्या लेखी झालंच काय होतं? एक कागद खराब झाला होता.

मी गेलो. का गेलो विचाराल तर खरं सांगतो, उजव्या बाजूची गंमत बघायला.

पक्षाचा माणूस त्याला आठवडाभर सांगत होता, फॉर्म आधी देऊन टाक, तपासून घे. साहेब ऐकेना. तीनदा आपटल्यावर ह्या वेळी सासूबाईंनी पुण्याहून मुहूर्त काढून पाठवला होता. शेवटचा दिवस, अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं. फॉर्म घेणं बंद होतं बाराला. हा उच्चशिक्षित मॅनेजर, ऑफिसात महिना महिना आधी डेडलाइनच्या बोंबा मारणारा, साडेअकरापासून कौन्सिलच्या लॉबीत घड्याळाकडे बघत उभा राहिला. बरोबर एक्केचाळिसाव्या मिनिटाला आत गेला. उजवा पाय आधी.

मी डबल यलो लाइनवर, म्हणजे थांबायला बंदी असलेल्या जागी, गाडीत. पावणेबाराला फोन वाजला.

"वर ये. लगेच!"

"सर, वॉर्डन आलाय."

"मरू दे वॉर्डन! वर ये!"

मी वर गेलो. लिफ्ट होती. जिन्याने गेलो. एकेक पायरी, आजारी माणसासारखा, मध्ये थांबून नोटीस बोर्डसुद्धा वाचला.

टेबलामागे एक वयस्क इंग्रज बाई, चष्मा साखळीला. समोर फॉर्म. साहेबाच्या कपाळावर घाम, शेजारी त्याच्याबरोबर आलेले खजिनदार, त्यांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा.

"हे गृहस्थ वॉर्डात राहत नाहीत," बाई सांगत होती.

"मॅडम, ते रस्त्याच्या पलीकडे राहतात!"

"हो ना. पलीकडे दुसरा वॉर्ड आहे." तिने पेन पुढे केलं. "अजून दाखल करून घेतलेला नाही. हे नाव खोडून वर दुसऱ्या मतदाराची सही चालेल. बाराच्या आत."

घड्याळात बाराला आठ मिनिटं. त्या खोलीत आमच्या वॉर्डाचा मतदार एकच.

"ये रे," साहेब म्हणाला. "इथे सही कर. पटकन."

मी पेन घेतलं. हातात धरलं. चांगलं पेन होतं.

"कुठलं नाव लिहू, सर?"

"तुझं. तुझं जे आहे ते."

"जे आहे ते म्हणजे काय? तुम्ही सांगा. बाईंना ऐकू द्या."

"वेळ नाहीये रे, मस्करी करू नकोस."

"मस्करी नाही. नाव सांगा."

तो म्हणाला, "नागपूरकर."

मी बाईसमोरच्या मतदार यादीवर बोट ठेवलं. "ह्या नावाचा माणूस यादीत नाही, सर. तपासा."

सहा मिनिटं. खजिनदार म्हणाले, "अहो, करा ना सही, समाजाचा प्रश्न आहे." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहो म्हटलं. साहेब म्हणाला, तुला मंडळाच्या कमिटीवर घेतो. मग म्हणाला, त्या दिवशीचं मनावर घेऊ नकोस, मी स्वतः काही मानत नाही, पण लोक असतात. लोक! नऊ लोक बसले होते तिथे आणि फाडणारे हात ह्याचेच होते. मी पेन धरून उभा. बाई आमच्याकडे टेनिसच्या मॅचसारखी बघत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

चार मिनिटं राहिली. मग त्याने ते उच्चारलं. खाली बघून, ओठ न हलवता, औषधाची कडू गोळी पाण्याशिवाय गिळावी तसं. पण उच्चारलं. माझ्या बापाचं आडनाव. ज्या आडनावाने बापाला शाळेत मागे बसवलं. ज्या आडनावाने सुजाता इथल्या हॉस्पिटलात बॅज लावून फिरते आणि गोरे म्हातारे तिचा हात धरून मरतात.

"ऐकलं," मी म्हणालो. पेन टेबलावर ठेवलं. "सही करत नाही."

"अरे पण आता तर मी..."

"तुम्ही गरजेला नाव घेतलंत. मी गरजेची वस्तू नाही."

साहेब ओरडला. काय काय ओरडला ते सगळं लिहिलं तर कागद परत फाडावा लागेल. बारा वाजले. बाईने फॉर्म त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाली, "सॉरी सर." इंग्रज माणूस सॉरी म्हणतो तेव्हा दार बंद झालेलं असतं.

दोघे पाय आपटत निघून गेले. मी बाईला विचारलं, "कोरा फॉर्म मिळेल?"

"ह्या वर्षीची वेळ संपली."

"पुढच्या वेळी कसा भरायचा ते बघून ठेवतो."

तिने दिला. खाली आलो तर गाडीच्या काचेवर दंडाची पिवळी पिशवी. गाडी साहेबाचीच होती.

पुढच्या निवडणुकीला मी उभा राहिलो. अपक्ष. दहा सह्या अशा: सुजाता, तिच्या हॉस्पिटलातल्या दोन केरळी नर्सेस, एक जमैकन ड्रायव्हर, चिप्सच्या दुकानाचा तुर्की मालक, आणि माझ्या राउंडवरचे पाच म्हातारे गोरे. म्हाताऱ्यांना राजकारण नको होतं, पण रोज दारात थांबून बोलणारा मीच एकटा होतो. मतमोजणीत माझा गठ्ठा बांधायला बाईने रबरबँड घेतला आणि परत ठेवला. क्लिप पुरली.

माझ्या पत्रकावर विमान नव्हतं. हॉस्पिटलच्या गेटपाशी बस थांबवा, नर्सेस पावसात भिजतात, हे होतं. आणि भारतीय किराणा दुकानांच्या काचेवर "खोली भाड्याने, शुद्ध शाकाहारी चांगल्या घरच्यांनाच" अशी कार्डं लागतात, त्या "चांगल्या घरच्यां"चा अर्थ कौन्सिलने मालकांना विचारावा, हे होतं. इथल्या भेदभावविरोधी कायद्यात काळ्यासाठी शब्द आहे, अपंगासाठी आहे. आमच्यासाठी नाही. मी एका सभेत हे बोललो तर मंडळाचाच एक जण उठून म्हणाला, "इथे असलं काही नाही, तुम्ही भारतातून घेऊन आलात." मी म्हटलं, "हो, तुमच्याच विमानातून. माझ्या शेजारच्या सीटवर."

दुसऱ्यांदा उभा राहिलो तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. फोटोकडे पाठ करून बसले.

"तुमचं काम चांगलंय हो. मंडळाची सगळी मतं तुम्हाला देऊ. फक्त पत्रकावर नुसतं पहिलं नाव छापा. इंग्रजांना आडनावाचं काय कळतंय?"

"इंग्रजांसाठी छापतच नाही. ज्यांना कळतं त्यांच्यासाठी छापतो."

"पडाल मग."

"पडेन."

सुजाता आतून म्हणाली, "त्यांना चहा देऊ का?" ते घड्याळ बघत उठले.

पडलो. तिसऱ्यांदाही पडलो. तेव्हा मात्र क्लिप पुरली नाही, रबरबँड लागला.

येत्या मेमध्ये परत उभा आहे. लोक विचारतात, लाज नाही वाटत सारखं पडायची? वाटायची ती लाज तीन वर्षं समोसे खाताना वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही. आता शिल्लक नाही. मतदानाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये प्रत्येकाच्या हातात तीच मतपत्रिका पडते. लाकडी आडोशामागे, सुतळीने बांधलेली पेन्सिल हातात धरून, एकट्याने ती वाचावी लागते. तिथे साहेबाची बायको बशी उचलायला येत नाही. तिथे माझं पूर्ण नाव छापलेलं आहे, आणि फुली मारायला दुसरीकडे जायचं असेल तरी त्याच्यावरून नजर न्यावी लागते.

मत द्या. देऊ नका. मी ह्या वॉर्डात राहतो तोवर ते नाव तिथून हलणार नाही.