मिशी गेलेला लॉर्ड

आमच्या गावातून लंडनला कुणी गेलेलं नाही, पण लंडनची बडी माणसं रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात. लॉर्ड हॅमरफील्ड, ग्लेन मॅकडफर, लेडी ब्रिसलटन. जन्म सगळ्यांचा इथलाच, तेलंगणातल्या कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमधला. मी वाइन्सच्या दुकानात जाळीमागे बसून त्यांच्या बाटल्या विकतो. नाव घेऊन मागणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. इथे लेबलावरच्या चित्रावर व्यवहार चालतो. 'एक घोडा दे', 'दोन किल्ले दे'. लॉर्ड म्हणजे 'मिशीवाला'.

दुकानाच्या भिंतीला टेकून राजव्वा घुगऱ्या आणि उकडलेली अंडी विकते. जीभ तिखट. "आधी चार घास खा रे, मग मरायचं ते मर," असं म्हणून ती उधारीवाल्यालाही द्रोण भरून देते. सणावाराला ताडी घेईल, पण बाटलीतलं तिने कधी जिभेला लावलं नाही. तिचा नवरा ओदेलू मिशीवाल्यापायी गेला. मुलगा संपतही त्याच वाटेवर होता. उगादीला रक्ताची उलटी झाली, तेव्हा कुठे त्याने सोडली. तेव्हापासून ही बाई त्याच्या तोंडाचा वास घेतल्याशिवाय त्याला जेवायला वाढत नाही.

मध्यंतरी कंपनीला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, तिने लेबलावरच्या लॉर्डाची मिशी काढली. गावाने बाटली परत केली. "हा डुप्लिकेट आहे," म्हणाले, "खऱ्याला मिशी असते." माल तसाच पडून राहिला.

त्यातच पेत्रामासा आली, पितरांची अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी मेलेल्या माणसापुढे त्याच्या आवडीचं सगळं ठेवतात: मटण, भात, बिडी आणि त्याचीच बाटली. मग नैवेद्याच्या ग्लासातला पहिला घोट थोरल्या मुलाने घ्यायचा. नाही घेतला तर बाप उपाशी परत जातो, असं म्हणतात.

आदल्या दिवशी राजव्वा जाळीशी आली.

"लेकरा, मिशीवाला यायचा बंद झाला ना?"

"बंद कुठे, फक्त मिशी..."

"बंद झाला म्हण. कुणीही विचारलं तरी."

मी म्हटलं, "बंद झाला." पोराचा एक घोट म्हणजे पुन्हा रोजची बाटली, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

पण तिचा दीर ऐलय्या काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. आला, फळीवर बोट रोखून म्हणाला, "हा काय बसलाय. मिशी काढली म्हणून माणूस बदलतो होय? दे इकडे." जाळीतून बाटली सरकवताना मला माझ्या नोकरीचा राग आला.

दुसऱ्या दिवशी मीही राजव्वाकडे जेवायला होतो. पानावर मटण वाढलं, ऊद पेटला, ऐलय्याने ग्लास भरून ओदेलूच्या फोटोपुढे ठेवला. थोडं जमिनीवर शिंपडलं आणि उरलेला ग्लास संपतपुढे धरला.

"घे. बापाचा प्रसाद आहे."

"काका, मी सोडलीय."

"दारू सोडलीस. बापाला सोडलंस का?"

संपतचा हात पुढे आला. नजर ग्लासावरून हलत नव्हती. त्या नजरेची मला भीती वाटली, कारण ती मी रोज जाळीतून बघतो.

राजव्वाने मधेच ग्लास काढून घेतला.

"वहिनी, तो मान मुलाचा आहे," ऐलय्या म्हणाला.

"मान मुलाचा, आणि भोग कुणी भोगले, भावजी? उलट्या कुणी काढल्या? गटारातून घरी कुणी आणलं? माझा हक्क आधी."

आणि तिने ग्लास एका दमात घशात ओतला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. संपत तिची पाठ चोळू लागला. ती पदराने तोंड पुसत फोटोकडे बघत राहिली. मला वाटलं, आता शिव्या देणार. पण तिचा आवाज अगदी साधा होता.

"एवढं घाण लागतं हे?" ती ओदेलूला म्हणाली. "आणि याच्यासाठी मला सोडून गेलात?"