वीतभर फट

गाडीत चढण्याआधी तो मागच्या चाकापाशी वाकायचा, टायर आणि वरचा हौदा यांच्यामधल्या फटीत हात घालून वीत ताणायचा. वीत बसली तर किल्ली घ्यायचा. नाही बसली तर खांद्यावरच्या टॉवेलाला हात पुसत ऑफिसाच्या पायरीवर बसून राहायचा. तो पायरीवर बसला की आम्ही समजायचो, माल जास्त झालाय, आता हमाल बोलवा.

"वीत खोटं बोलत न्हाई," असं म्हणायचा. "तुझा कागद बोलतो, रायटर."

रायटर म्हणजे मी. बेंगळुरात ट्रान्सपोर्टच्या कारकुनाला रायटरच म्हणतात. यशवंतपूरच्या एका ऑफिसात मी बिल्ट्या लिहायचो: माल कुणाचा, कुठे जाणार, वजन किती. नव्वदीतली गोष्ट आहे, मी पंचविशीचा होतो. तो निपाणीकडचा, पन्नाशीला टेकलेला, मराठीत आणि कानडीत सारख्याच मोठ्या आवाजात भांडणारा. सगळे त्याला अण्णा म्हणत. खरं नाव मी लिहीत नाही. तेवढा हक्क मला उरलेला नाही.

आमच्या गाड्या सहाचाकी, पासिंग, म्हणजे कायद्यानं भरता येणारं ओझं, नऊ टनांचं. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा माल म्हणजे बिडाचे सुटे भाग, दिसायला मूठभर आणि वजनाला राक्षस. गाडी अर्धी रिकामी दिसते आणि नऊ टन केव्हाच होऊन गेलेले असतात. सगळीकडे अकरा-बारा टन भरायचे आणि बिल्टीवर नऊ लिहायचे, हीच रीत. मीही तेच लिहायचो. हा एकटा माणूस माल उतरवायला लावायचा.

बाकीचे ड्रायव्हर चिडवत. "अण्णा, गाडी आहे की नवी नवरी? स्वल्प जास्त झालं तर काय मोडतंय?"

"गाडी मोडत न्हाई लेका, ब्रेक धरत न्हाई. म्होरं शाळंची पोरं आली तर त्यास्नी सांगशील काय, स्वल्प जास्त हुतं म्हणून?"

आमच्याकडे ड्रायव्हरांची लायसन्सं मालकाच्या कपाटात ठेवून घेत, म्हणजे कुणी दुसऱ्याच्या गाडीवर पळून जाऊ नये. त्यानं आपलं कधीच दिलं नाही. "लायसन्स कपाटात, मी रस्त्यावर. मग गाडी कोण चालवतंय, कपाट?" दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिच्यात ते गुंडाळलेलं असायचं. जुनं, पुस्तकासारखं. कधी खुशीत असला की बाहेर काढून मागची पानं दाखवायचा. गुन्ह्याचे शेरे मारायची ती पानं सगळी कोरी होती. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात ना, तशी तो ती कोरी पानं दाखवायचा.

मालक मला ओरडले की हा समोरच्या हॉटेलातून चहा मागवायचा. "कडक दे रे. रायटरला जरा कणा यायला पायजे."

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. मग हेही पाहिलं असेल की अशा माणसाला हरवायचं तर त्याच्याशी भांडून भागत नाही, तो ज्या गोष्टीवर विश्वास ठेवतो तीच बिघडवावी लागते.

एकदा तो जत्रेसाठी पंधरा दिवस गावाला गेला. तेवढ्यात मालकांनी त्याची गाडी गॅरेजला लावली आणि मागच्या चाकांवर जे पोलादी पाटे ओझं तोलतात, त्यांत दोन-दोन जास्तीचे पाटे घालून घेतले. नवे ओळखू येऊ नयेत म्हणून सगळ्यांना काळा रंग फासला. आता गाडी कितीही भरली तरी खाली दबणार नव्हती. मालक आमच्याच समाजातले, वडिलांचे स्नेही. त्यांच्या शब्दावर मला नोकरी लागलेली. मला म्हणाले, "आता बसेल बघ त्याची वीत. तू फक्त तोंड उघडू नकोस."

मी हसलो. तेव्हा हसलो होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तो आला त्या दिवशी आनेकलला जाणारा माल होता, वर ताडपत्री बांधून तयार. तो वाकला, वीत घातली. वीत बसून वर दोन बोटं फट उरली. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"रायटर, फट जास्तच हाय की. किती भरलाय?"

"नऊ."

"काट्यावर घातली हुती?"

"हो अण्णा. सकाळीच वजन केलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू म्हणतोस तर सरी, ठीक हाय," म्हणाला आणि किल्ली घेतली. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर त्यानं किल्ली घेतलेली मी कधी पाहिली नव्हती.

होसूर रोडला तपासणीवाल्यांनी गाडी काट्यावर घेतली. साडेअकरा टन भरली. पुढची रीत सगळ्यांना ठाऊक होती: बाजूला जायचं, मिटवायचं, निघायचं. हा गाडीतून उतरून तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, "केस लिहा. काटा बघून लिहा, बिल्टी बघून न्हवं." लायसन्स जमा झालं.

आरटीओत चौकशी लागली. मालकांनी सांगितलं, माल ड्रायव्हरच्या संमतीनं भरला. साक्षीदार मी. साहेबांनी कानडीत विचारलं, ड्रायव्हरला वजन माहीत होतं का? टेबलावरच्या काचेकडे बघत मी म्हणालो, "हौदु सार." हो साहेब. एवढंच.

साहेबांनी कबुलीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो वाचून दाखवायला लावला, आणि म्हणाला, "गाडी जड हुती, हे ऱ्हाऊ द्या. मला म्हाईत हुतं, हे खोडा."

"सही केली तर तीन महिने लायसन्स बंद. नाहीतर सहा."

"मग सहा लिहा. सहा महिने शेण भरीन. खोट्यावर सही न्हाई."

साहेब हसले, मालक हसले. तो तसाच उभा. कोऱ्या पानावर सहा महिन्यांचा शेरा पडला. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मालक आज हयात नाहीत. त्यांच्या घरचे हे वाचणार असतील तर वाचोत. पाटे गॅरेजात घातले, वजन मी खोटं सांगितलं, साक्ष मी खोटी दिली. मी आता कुणाला भीत नाही, असं लिहायला फार उशीर झालाय. तरी लिहितो.

मुदत संपल्यावर लायसन्स परत मिळण्याआधी पुन्हा चाचणी द्यावी लागे. तारीख कळली म्हणून मी रजा काढून गेलो. आरटीओच्या मैदानात विशीतली शिकाऊ पोरं, आणि त्यांच्या रांगेत हा, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्या निम्म्या वयाच्या इन्स्पेक्टरनं रिकामी गाडी दाखवली.

"रिकामी? रिकामी गाडी कुणीबी चालवंल. नऊ टन भरून द्या, मग बघा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. इन्स्पेक्टर वैतागला. "अण्णा, आहे तीच चालवा."

दोन्ही बाजूंना डबे मांडून केलेल्या नागमोडी वाटेतून त्यानं ती गाडी उलटी काढली. आरशात बघून, एका हातानं. डबा हललासुद्धा नाही. उतरला, किल्ली इन्स्पेक्टरच्या हातावर ठेवली आणि सरळ माझ्यापाशी आला.

मी म्हणालो, "अण्णा, मी खोटं बोललो."

"मला म्हाईत हाय. मला सांगून काय उपेग? त्यानं माझं पान पुन्हा कोरं हुतंय का?" त्यानं ऑफिसाच्या दाराकडे हात केला. "आत जाऊन सांग. मी हितं हाय."

मी दारापर्यंत गेलो. आत चौकशीतले तेच साहेब होते, समोरची खुर्ची रिकामी होती. मी उंबऱ्याशी थांबलो. मागे पाहिलं तर तो फाटकापाशी उभा. एक बस आली, त्यानं सोडली. दुसरी आली, तीही सोडली. साहेबांनी मान वर करून विचारलं, "काय पाहिजे?"

"काही नाही," मी म्हणालो.

वळलो तेव्हा तो तिसऱ्या बसमध्ये चढत होता.